नाते आढळले नाही

सारिशोकी जिल्ह्यात लग्न करायचे असेल तर वधू, वर आणि प्रमाणपत्र अशा तीन गोष्टी लागतात. पहिल्या दोहोंची सोय लोक आपापली करतात. तिसरी गोष्ट विवाह नोंदणी कार्यालयातला संगणक देतो. वधू-वरांमध्ये सात पिढ्यांच्या आत नाते आढळले नाही, असे त्या कागदावर छापलेले असते. सात बापांच्या आत सोयरीक करायची नाही, हा आम्हा कझाकांचा जुना नियम. तो पाळायला पूर्वी म्हातारी माणसे पुरत असत. १९९७ साली तेव्हाच्या जिल्हाप्रमुखांना वाटले की आता म्हाताऱ्यांचेही आधुनिकीकरण झाले पाहिजे. म्हणून त्यांनी 'सात पिढ्या' नावाची संगणक प्रणाली करवून घेतली आणि तिचे प्रमाणपत्र ऐच्छिक ठेवले. न घेणाऱ्याचे लग्न नोंदवायचे नाही, एवढीच काय ती अट.

ती प्रणाली मी लिहिली. मी ओराल्बेक, तेव्हा चोवीस वर्षांचा. जिल्ह्यात प्रोग्राम लिहिणारा मी एकटाच होतो, त्यामुळे सर्वोत्तमही मीच होतो.

मला महिन्याची मुदत मिळाली होती. पहिले दोन आठवडे मी प्रमाणपत्राच्या चौकटीवर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढण्यात घालवले. तिसरा आठवडा कझाक अक्षरे घडवण्यात गेला, कारण तेव्हाच्या विंडोजला आमची निम्मी नावे लिहिता येत नव्हती. चौथ्या आठवड्यात पडद्यावर वाळूचे घड्याळ बसवले आणि शेवटी दोंब्राची, आमच्या दोनतारी वाद्याची, धून वाजेल अशी व्यवस्था केली. प्रत्यक्ष तपासणी तेवढी राहून गेली. ती दुसऱ्या टप्प्यात करू असे ठरले. उद्घाटन झाले, मला मानाचा झगा पांघरण्यात आला, आणि दुसऱ्या टप्प्याचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. मी तर नाहीच नाही.

तेव्हा प्रणालीचे कामकाज असे चाले. मी दोन्हीकडच्या सात-सात पूर्वजांची नावे भरायचो. पडद्यावर वाळूचे घड्याळ यायचे. संगणक फ्लॉपीवरची एक फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, आणि मग पुन्हा, असे चाळीस वेळा. फ्लॉपी घरघरायची, करकरायची, मध्येच सुस्कारा टाकायची. बघणाऱ्याला वाटे की गाढ विचार चालला आहे. त्या फाईलमध्ये जिल्हाप्रमुखांचा फोटो होता. चाळीस मिनिटांनी दोंब्रा वाजे आणि कागद बाहेर येई: 'नाते आढळले नाही.' यात खोटा शब्द एकही नाही. शोधलेच नाही ते आढळणार कुठून?

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी अठ्ठावीस वर्षे झाकलेली होती, आणि तिच्यावर मला बढतीही मिळाली होती.

यंदा फेब्रुवारीत, सोमवारी सकाळी, 'संगणक एकरूपीकरण अभियाना'चे फर्मान आले. जुने संगणक जमा करावेत, नवे मिळतील, त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स असेल, आणि जुन्या प्रणाली 'मूळ स्वरूपात, कोणताही बदल न करता' त्यांवर चालवून दाखवाव्यात. आमच्या कार्यालयप्रमुख कुल्याश आपाय, म्हणजे कुल्याशताई, यांनी ते मला उभ्याने वाचून दाखवले.

"बदल न करता म्हणजे काय रे?"

"जशी आहे तशी, आपाय."

"मग झालं की! तुला काही करायचंच नाही."

काही न करण्यात माझा हात धरणारा आख्ख्या जिल्ह्यात कोणी नाही. पण हे काम मनाविरुद्ध करावेच लागणार होते.

"आणि गुरुवारच्या आत चालू कर," आपाय म्हणाल्या. "गुरुवारी तुझ्याच पोरीची नोंदणी आहे ना? शनिवारी तोय. घोडा पाहिलास का?"

जेवणासाठी कापायचा घोडा पाहिला होता. तीनशे माणसांना तोयचे, म्हणजे लग्नाच्या मेजवानीचे, आवतण गेले होते. माझी एकुलती एक अनार, जिल्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर, पलीकडच्या खोऱ्यातल्या दारखान नावाच्या शिक्षकाशी लग्न करणार होती. पोरगा चांगला होता. तिच्या मागे तो एवढा लागला होता की स्वतःची धडधाकट शेळी त्याने तीनदा तपासायला आणली होती.

जुना प्रोग्राम लिनक्सवर आपणहून चालत नाही. मधे एक दुभाष्या प्रोग्राम ठेवावा लागतो. तो जुन्या प्रोग्रामला सांगतो, "घाबरू नकोस, मीच तुझा विंडोज," आणि लिनक्सला सांगतो, "याच्याकडे दुर्लक्ष कर, हा माझ्याबरोबर आहे." लग्न जमवणाऱ्या आत्याबाई याहून वेगळे काही करत नाहीत. दुभाष्या बसवला, प्रोग्राम सुरू केला, आणि चाचणी म्हणून एका जुन्या जोडप्याचे प्रमाणपत्र उघडले. पडद्यावर चौदाही पूर्वजांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटली. नेमक्या तेव्हाच कुल्याश आपाय पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे प्रश्नचिन्ह घराणं कुठल्या खोऱ्यातलं?"

"अक्षरं ओळखत नाहीये, आपाय. माझी घरगुती अक्षरं आहेत ना."

"अरे पण दोन्हीकडचे सातही बाप सारखेच दिसतायत! ही तर सख्खी भावंडं झाली. आणि खाली बघ काय छापलंय, नातं नाही म्हणे!"

अठ्ठावीस वर्षांत वरची नावे आणि खालचा निकाल एकत्र वाचणारे पहिले माणूस निघाले, ते नेमके माझ्या प्रमुख. मी घाईघाईने म्हणालो, "प्रश्नचिन्हांचं आपसांत नातं नसतं, आपाय." हे त्यांना शास्त्रीय वाटले असावे, त्या चहा प्यायला गेल्या.

संध्याकाळपर्यंत मी जुन्या संगणकातली अक्षरे आणून नव्यात बसवली, दुभाष्याला आमची भाषा कोणती ते बजावले, आणि सगळे पूर्वज आपापल्या नावांनी परत आले. मंगळवारी नवी तपासणी लावली, तर प्रोग्राम नव्याच हट्टाला पेटला: फ्लॉपी घाला. नव्या संगणकाला फ्लॉपीची फटच नाही. मी एका रिकाम्या फोल्डरला 'आजपासून तू फ्लॉपी' असे दुभाष्याकरवी जाहीर केले आणि त्यात जिल्हाप्रमुखांचा फोटो ठेवला. प्रोग्रामला ते पटले. त्याने वाळूचे घड्याळ दाखवले म्हणतात. मला ते दिसले नाही. कळ दाबून बोट उचलतो न उचलतो तोच दोंब्रा वाजला आणि कागद बाहेर आला. चाळीस मिनिटांचा विचार पापणी लवायच्या आत उरकला होता.

आपायनी प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी तपासले. "यानं विचारच केला नाही."

"नवा संगणक आहे, आपाय. भराभर करतो."

"सात पिढ्या? इतक्यात तर मला माझ्या नवऱ्याचं नावसुद्धा आठवत नाही." त्यांनी शंकेचे पत्र प्रांताच्या कचेरीला धाडले. तासाभरात उत्तर आले. त्यात अभिनंदन होते. 'सेवा-कालावधीत शंभर टक्के घट' साधणारे आम्ही प्रांतातले पहिले कार्यालय ठरलो होतो. नागरिकांना आता थांबावे लागणार नसल्यामुळे प्रतीक्षा दालनातली दोन लांब बाके, सहा गालिचे आणि चहाचा एक समोवर ही अतिरिक्त मालमत्ता घोषित करण्यात येत आहे, असेही खाली लिहिले होते. आम्हाला दिव्याचा बल्ब मिळायला सात महिने लागतात. बाके न्यायला गाडी बुधवारी सकाळी दारात हजर होती.

समोवर उचलला तेव्हा बीबीश शेशे दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. प्रतीक्षा दालनात चहा देणाऱ्या या बाई. अठ्ठावीस वर्षे तो समोवर त्यांनीच राखला होता.

"झालं समाधान?" त्या मला म्हणाल्या. "आता म्हातारे बसणार कुठं?"

"बसायचं काय काम, शेशे? काम लगेच होतं आता."

"कसलं काम? तुझ्या त्या डब्याचं? अरे बाबा, डबा करकरायचा आणि काम बाकावर व्हायचं. दोन्हीकडचे म्हातारे समोरासमोर, हातात चहा, चाळीस मिनिटं. काय करतील? आपापले बाप मोजत बसायचे. तुझा आजा कोण, माझा आजा कोण, त्याचा घोडा कुठला, तो कुठं मेला. अकरा लग्नं मोडली माझ्या डोळ्यांदेखत! एक तर चुलत भावांची नातवंडं होती, आणि तुझ्या डब्यानं छापलं की नातं नाही."

मी कार्यालयात जाऊन वही काढली. अकरा नोंदी होत्या: 'अर्ज मागे घेतला, कारण वैयक्तिक.' इतकी वर्षे मला वाटायचे की ते लोक ताटकळून कंटाळले.

कागदावरची नावे तपासणारा खराखुरा प्रोग्राम जरी मी लिहिला असता, तरी तो आमच्याकडे फुकटच गेला असता, हेही मला तिथेच उमगले. आमच्या सुना सासरच्या वडीलधाऱ्यांची नावे घेत नाहीत. टोपणनावाने हाक मारतात. चार पिढ्यांनी पोराबाळांच्या तोंडी तेच नाव उरते. एका माणसाचे या शाखेत एक नाव, त्या शाखेत दुसरे. तो एकच माणूस आहे हे कळायला त्याच्या तुटक्या पायाची किंवा चोरीला गेलेल्या उंटाची गोष्ट निघावी लागते, आणि गोष्ट निघायला चहा लागतो.

त्या दिवशी मला जेवण गेले नाही. अठ्ठावीस वर्षे लोकांच्या लेकी मी फोटो वाचणाऱ्या डब्याच्या भरवशावर सासरी पाठवल्या आणि मला एकदाही ठसका लागला नव्हता. आता वेळ स्वतःच्या लेकीवर आली होती. मला माझी लाज वाटली. तीसुद्धा बरीच उशिरा.

माझे वडील कोझाबाय नव्वदीचे आहेत आणि त्यांना सातच काय, अकरा पिढ्या पाठ आहेत. दारखानचे आजोबा झुमाश अता यांना म्हणे बारा. पण दोघांची गाठ अजून पडलेली नव्हती. सोयरीक जमवताना अता आजारी होते. "पहिल्या दिवशीच त्यांच्याशी नावं लावून बघायची ना?" मी वडिलांना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी वेडा आहे. "कशाला? तुझा संगणक आहे की. व्याह्यांचा अपमान करू का मी?"

गुरुवारी मंडळी आली. झुमाश अता काठी टेकत, दोनशे किलोमीटरवरच्या आपल्या गावाहून आले होते. बाके नसल्यामुळे सगळे भिंतीला टेकून उभे. रांगेत आणखी नऊ-दहा माणसे होती. मी नावे भरली, कळ दाबली, आणि त्याच क्षणी लिनक्सला आधीच लिहून ठेवलेली ती एक आज्ञा दिली, जिने चालू काम जागच्या जागी गोठून बसते. दोन दिवस ज्याला चालवायला मी रक्त आटवले, त्याला आता मीच अडवले. वाळूचे घड्याळ पडद्यावर थिजले.

"काय झालं?" आपायनी विचारले.

"विचार करतोय, आपाय."

"आजच बरा सुचला!"

बीबीश शेशेंना काही सांगावे लागले नाही. त्यांनी घरून थर्मास आणि बाउरसाकच्या तळलेल्या गोळ्यांचा डबा आणला होता. नव्या संगणकांचे रिकामे खोके त्यांनी पालथे घातले आणि दोन्ही म्हाताऱ्यांना त्यांवर बसवले. पहिला पेला तब्येतीवर गेला, दुसरा घोड्यांच्या भावावर. तिसऱ्या पेल्याला माझ्या वडिलांनी सुरुवात केली. पोरीपासून एक, दोन, तीन करत ते सहाव्यापर्यंत आले.

"सहावा तिलेउके. मोठा माणूस. लांडग्यानं एक कान नेला होता, तरी मेला तो म्हातारा होऊनच."

झुमाश अतांच्या हातातला पेला थांबला. "कुठला कान?"

"डावा."

"आमचा सातवा शोलाक. कान तुटका म्हणून आमच्या आज्या त्याला शोलाकच म्हणायच्या. खरं नाव कोणाला ठाऊक नाही. करड्या घोडीवरनं पडला होता का तुमचा?"

"घोडी करडी नव्हती हो. पांढरी होती, म्हातारपणी मळकी झाली."

"खाऱ्या विहिरीपाशी पुरलाय?"

"तिथंच. दोन बायका, थोरलीचा वंश खाली गेला—"

"आणि धाकटीचा आम्ही," झुमाश अता म्हणाले. त्यांनी अनारकडे पाहिले आणि त्यांचे डोळे भरले. "अरे, ही तर माझी नात!"

दारखान आजोबांच्या खोक्याशेजारी येऊन उभा राहिला. मी तेवढ्यात, काहीतरी करायचे म्हणून, गोठवलेला प्रोग्राम सोडला. दोंब्रा वाजला. कागद बाहेर आला. कुल्याश आपायनी तो मोठ्याने वाचला: "नाते आढळले नाही."

सगळ्यांचे चेहरे उजळले. रांगेतला एक जण म्हणाला, "बघा, म्हाताऱ्यांची गफलत झाली असणार." दुसरा म्हणाला, "कान काय, शंभर जणांचे तुटले असतील." झुमाश अतासुद्धा चाचरले: "माझंही वय झालंय म्हणा. संगणक कशाला खोटं बोलेल?"

माझ्या वडिलांनी मला जवळ बोलावले. "ओराल्बेक, हे तू लिहिलंयस. सांग, कोण खरं?"

अनार माझ्याकडे बघत होती. मी बोललो. "म्हातारे खरे आहेत. हा प्रोग्राम काही तपासत नाही. कधीच तपासलं नाही त्यानं. तो एक फोटो चाळीस वेळा वाचतो आणि कागद छापतो."

मला वाटले होते की गदारोळ होईल. तसे काही झाले नाही. कुल्याश आपाय खुर्चीतून उठल्या, दार लावून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "ओराल्बेक, प्रमाणपत्र क्रमांक दोनशे बारा माझं आहे. तीन मुलं आहेत मला. आता नीट आठवून परत सांग, प्रोग्राम काय करतो?"

"आमचं नऊशे चाळीस," रांगेतून आवाज आला. "आमचं एक हजार सहा, आणि सून घरात पोटुशी आहे!" "पोरीच्या लग्नाचा ताण आलाय बिचाऱ्याला." "पाणी द्या त्याला, पाणी." बीबीश शेशे सोडून कोणीही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि त्यांना तर आधीपासूनच माहीत होते.

विश्वास ठेवणारे आणखी एक माणूस होते. अनारने आपला अर्ज आपायच्या टेबलावरून उचलला आणि घडी घालून खिशात ठेवला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पापा, आज अडकवलात तसा हा डबा आधीच अडकवायला काय झालं होतं तुम्हाला? दारखानवर माझा जीव जडायच्या आधी?"

मी आपायच्या हातातून तो कागद घेतला आणि फाडला.

शनिवारचा तोय झाला. घोडा कापलेला होता, आवतणे गेलेली होती, आणि दीडशे वर्षांपूर्वी फुटलेले भाऊबंद सापडले हे काही रडायचे कारण नाही, असा दोन्ही म्हाताऱ्यांनी निवाडा दिला. व्याही व्हायला आलेले चुलते होऊन जेवले. दारखान रडला, मग मांसाचा बेश्बार्माक जेवला, मग पुन्हा रडला. अनार त्याच्या शेजारी ताठ बसून होती आणि माझ्या ताटात मांस वाढायची पाळी आली तेव्हा तिने ताट रिकामेच पुढे सरकवून दिले.

सोमवारी मी प्रांताच्या कचेरीला लेखी कबुली पाठवली. उत्तर आले: 'प्रणालीच्या मूळ स्वरूपात बदल करण्यास मनाई असल्यामुळे आपली कबुली स्वीकारता येत नाही.' त्याच आठवड्यापासून लोक माझ्याकडे येऊ लागले. एकेकटे, मागच्या दाराने, इकडेतिकडे बघत. मला वाटले, आपापल्या पिढ्या पुन्हा तपासून मागायला आले असतील. एकानेही ते मागितले नाही. सगळ्यांना जुन्या प्रमाणपत्राची नवी प्रत हवी होती, नव्या संगणकावर काढलेली, प्लास्टिकमध्ये बंद केलेली. आजवर दोनशे सात काढून दिल्या. कुल्याश आपायनी दोन नेल्या.

तुम्ही मला हसलात, याचे मला वाईट वाटत नाही, मीही हसतो. पण तुमच्या कपाटात शिक्का मारलेले जे कागद आहेत, पाणी शुद्ध असल्याचे, पूल मजबूत असल्याचे, पोरगा हुशार असल्याचे, त्यांच्यामागे कोण बसला होता हे बघायला कधी गेलात का? आता जाऊ नका. जोवर त्याची स्वतःची लेक त्या पुलावरून जायला निघत नाही, तोवर तो तुम्हाला काही सांगणार नाही.